भूक नसताना जेवायचं कसं?

नागावला नात्यातल्या एका घरी गेलो होतो. वहिनी तव्यावर मांदेली परतत होत्या, पलीकडे भाकऱ्यांची चवड. टेबलाच्या कोपऱ्यात दादा बसले होते. त्यांच्यासमोर पळीभर वरण मावेल एवढी वाटी, बाळाला औषध पाजायचा चमचा आणि मोबाइल. मोबाइलचा अलार्म वाजला. दादांनी दोन चमचे गाळलेलं ताक घेतलं, सावकाश गिळलं आणि चमचा खाली ठेवला.

“भूक लागली होती का?” मी विचारलं.

“छे. वेळ झाली.”

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला त्या दिवशी तेरा दिवस झाले होते. मुंबईत ऑपरेशन, मग रो-रोने मांडवा आणि थेट घर. अलिबाग-मुरूडकडच्या माणसाला अशा शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबई किंवा नवी मुंबईच गाठावी लागते. पण नंतरची खरी परीक्षा घरच्या ओट्यापाशी होते. आपल्याकडे या शस्त्रक्रियेचं नाव पोहोचलं ते मोठ्या माणसांमुळे. २०११ मध्ये नितीन गडकरींनी ती करून घेतली. २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमद याच शस्त्रक्रियेसाठी मुंबईत आल्या तेव्हा त्यांच्या वजनाचे आकडे रोज छापून येत होते. ऑपरेशननंतर घरी आलेल्या माणसानं सकाळी आठ वाजता नेमकं काय खायचं, हे मात्र फारसं वाचायला मिळालं नाही.

दादांची झाली ती ‘स्लीव्ह’. यात जठराची बाहेरची फुगीर बाजू उभी कापून काढून टाकतात. तीन-चतुर्थांशाहून जास्त जठर जातं आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. तिच्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं, म्हणजे आपल्या फुलपात्रापेक्षा कमी. पण आकार लहान झाला एवढीच ही गोष्ट नाही. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. रिकाम्या पोटातून मेंदूला ‘जेवायला वाढा’ असा निरोप देणारं हे रसायन. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक आठवडे अनेकांना भूक लागतच नाही. ‘भूक लागली की जेव’ हा आपल्या घरांतला शहाणपणाचा सल्ला इथे कुचकामी ठरतो. भुकेची वाट पाहत बसलेला माणूस दिवसभर उपाशी राहतो आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडतो.

पाण्याचंही तेच. दिवसाला दीड लिटर पाणी लागतं, पण एका वेळी तीस मिलिलिटरच्या वर गेलं की छातीखाली दाब येतो. हिशेब करा: जागेपणाचे चौदा तास, पन्नास वेळा पाणी, म्हणजे साधारण दर सतरा मिनिटांनी सहा चमचे. अलार्म यासाठीच. किनाऱ्यावरच्या उकाड्यात घाम इतका येतो की हा हिशेब दुपारपर्यंतच चुकतो. या ऑपरेशननंतर लोक पुन्हा रुग्णालयात भरती होतात, त्याचं एक मोठं कारण शरीरातलं पाणी कमी होणं, हेच आहे.

वहिनींची तक्रार वेगळी होती. “एवढ्याशानं माणसाचं काय होणार हो? पेज तरी पोटभर पिऊ दे.”

पेजेपाशी मला इथे जरा थांबायचं आहे. कोकणात आजारी माणसाला पेज द्यायची, मग आटवल, मग मऊभात आणि मेतकूट, ही चढती भाजणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. रुग्णालयातून मिळणारा कागद तशाच क्रमाचा असतो. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखं पातळ, मग साधारण दोन आठवडे गाळलेलं द्रव, पुढे मिक्सरमधून काढलेलं, त्यानंतर मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं. डॉक्टरागणिक दिवस थोडे मागेपुढे होतात. या क्रमाचं कारण सरळ आहे. जठराला टायटॅनियमच्या बारीक पिनांची लांब शिवण घातलेली असते. ती भरून येईपर्यंत तिच्यावर दाब पडता कामा नये.

तर क्रम आजीचाच आहे, फक्त आजीच्या वाटीत एक गोष्ट कमी पडते, ती म्हणजे प्रथिनं. रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं मिळाली नाहीत तर शरीर चरबीबरोबर स्नायूही वितळवतं. पेजेत प्रथिनं जवळपास नसतात. आणि घरोघरी मोठ्या विश्वासानं दिलं जाणारं डाळीचं पाणी? त्यात डाळीचा रंग आणि वास असतो, डाळ पातेल्याच्या तळाशी राहते. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम मिळतात, पण पेलाभर दूध एका बैठकीत जाईल तर ना. म्हणून पहिल्या महिन्यात प्रोटीन पावडरीला पर्याय नसतो. ‘ती जिमवाल्या पोरांची’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

महिनाभरानंतर मात्र किनाऱ्यावरचं घर शहरातल्या घराच्या पुढे जातं. मऊ आहाराच्या टप्प्याला ओल्या बोंबलाइतकं सोयीचं दुसरं काही मला सुचत नाही. त्याचं मांस जवळजवळ पाण्यासारखं, काटा मऊ, उकडला की चमच्यानं मोडतो. तळलेला, रव्यात घोळलेला नव्हे. हळद-मीठ लावून वाफवलेला. पाण्याचा अंश जास्त असल्यानं त्यात प्रथिनं कमी, म्हणून पुढे सुरमई किंवा रावस काटे काढून, कुस्करून. शंभर ग्रॅम सुरमईत वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की सुकटीवर मन जातं. पण सुकं चिवट असतं आणि खारटही, या माणसांना ते लवकर झेपत नाही. त्या दिवसांत अंडं आणि पनीर बरं.

मग ताटाचा क्रम उलटा करावा लागतो. आधी मासा, नंतर भाजी, जागा उरलीच तर दोन घास भात. तांदळाची भाकरी आणि मऊ पाव आत गेल्यावर गोळा होऊन अडकतात, ते शेवटी. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. या पाण्याच्या नियमामागे ठोस पुरावा फारसा नाही, तो अनुभवातून आलेला आहे; तरी बहुतेक डॉक्टर तो पाळायला लावतात आणि पाळणाऱ्यांना बरं वाटतं. पोट भरल्याची खूणही आता वेगळी असते. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं. पुढचा एक घास म्हणजे उलटी. सतत उलट्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत आटतो आणि मेंदू-मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. ‘होतंच असं’ म्हणून घरी बसू नये.

तसंच ताप, वाढलेली धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, हे पहिल्या काही आठवड्यांत दिसलं तर शिवण गळत असल्याची शंका घ्यायची आणि त्याच घडीला सर्जनला फोन करायचा. श्रीवर्धनहून मुंबई चार-पाच तासांवर आहे, ‘सकाळी बघू’ इथे परवडत नाही.

गोडाचा प्रश्न स्लीव्हऐवजी जठराचा ‘बायपास’ झालेल्यांना जास्त छळतो. त्यांच्यात जठराचा छोटा कप्पा थेट लहान आतड्याला जोडलेला असतो. गुळाचं सारण तिथे एकदम उतरतं, आतडं आजूबाजूचं पाणी खेचून घेतं, आणि दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, मुरडा. तासा-दोन तासांनी साखर घसरून हातपाय गळतात ते वेगळंच. एका उकडीच्या मोदकाची ही किंमत. साखर घातलेल्या कोकम सरबताचीही.

तीन-चार महिन्यांनी केस गळू लागले की घर घाबरतं. बहुतेकांचे परत येतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी मात्र आयुष्यभर चालू ठेवावी लागते, कारण बी-१२ शोषायला मदत करणारं द्रव्यही जठरच बनवतं. वजन उतरलं, कपडे सैल झाले की पहिल्यांदा सुटतात त्या याच गोळ्या.

निघताना वहिनींनी मला तिसरी भाकरी वाढली, नको म्हणत असताना. दादा हसले. तुमच्याकडे असा पाहुणा आला, तर त्याच्यासाठी वाटी लहान काढा, मासा आधी वाढा आणि ‘अजून थोडं’ म्हणून दुसऱ्यांदा विचारू नका.