छापील शब्द आणि शिक्षेचा शिक्का

अमक्याविषयी वर्तमानपत्रात छापून आले किंवा त्यास शिक्षा झाली, एवढ्यावरून त्याच्या दुराचरणाचा निकाल देऊन मोकळे होण्याची खोड आमच्या लोकांस जडली आहे. जो व्यापारी पावतीवाचून एक रक्कमही खाती मांडीत नाही, त्यानेच शेजाऱ्याची अब्रू ऐकीव वार्तेवर खर्ची टाकावी, हे नवल नव्हे काय?

१८८२ सालचा कोल्हापूर प्रकरणाचा खटला पाहा. ज्या पत्रांच्या आधारे 'केसरी' व 'मराठा' यांनी दिवाण बर्वे यांजवर आरोप केले, ती बनावट निघाली. म्हणजे सद्धेतूने छापलेलेही खोटे असू शकते. त्याबद्दल टिळक-आगरकरांस चार महिन्यांची कैद झाली. म्हणून त्यांस दुर्जन कोणी म्हटले? १९०८ साली नऊ ज्यूरींपैकी सातांनी टिळकांस राजद्रोही ठरविले. त्या निकालाने परकी सरकारचा कायदा मोडल्याचे ठरले. नीती मोडल्याचे नव्हे.

मग बातमी व शिक्षा यांस किंमतच नाही काय? आहे, परंतु निरनिराळी. बातमी हे चौकशीचे कारण होय. ती स्वतः पुरावा नव्हे, असे १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे. शिक्षेचे वजन अधिक, कारण तेथे साक्षीदारांची उलटतपासणी होते. तथापि कायदा कोणता, पुरावा कोणता, अपिलाचे काय झाले, हे विचारल्यावाचून तिच्यावरही विसंबू नये. ही सावधगिरी चोरांची ढाल नव्हे. निरपराध्याचे ते एकमेव कवच आहे.