साखरेचा एकच धनी : अमेरिकेतील ‘शुगर ट्रस्ट’ची हकीकत

– ऊस विकास अधिकारी



श्रीमंती वाईट नाही. घाम गाळून कुणी चार पैसे गाठीला बांधले, तर त्याचं कौतुकच करावं. पण सगळा बाजारच एकाच्या मुठीत गेला म्हणजे काय होते, हे आपल्याच धंद्यातल्या एका जुन्या उदाहरणावरून समजून घेण्यासारखे आहे.

न्यूयॉर्कमध्ये हेन्री हॅवमायर नावाचे बडे रिफायनरीवाले होते. कच्ची साखर आणून ती शुद्ध करून विकायची, हा त्यांचा घराण्याचा धंदा. १८८७ साली त्यांनी प्रतिस्पर्धी रिफायनऱ्या एकत्र आणून ‘शुगर ट्रस्ट’ उभा केला. मालकांनी आपले शेअर ट्रस्टकडे सोपवायचे, बदल्यात ट्रस्टची सर्टिफिकेटे घ्यायची. कारभार मूठभर विश्वस्तांच्या हाती. त्यांनी कित्येक रिफायनऱ्यांना सरळ टाळे ठोकले. माल आखडला की भाव चढतो, हे काय सांगायला हवं? १८९१ मध्ये ट्रस्टची कंपनी झाली. १८९२ मध्ये तिने फिलाडेल्फियातील चार रिफायनऱ्या घेतल्या, तेव्हा अमेरिकेतील सुमारे ९८ टक्के साखरशुद्धीकरण तिच्या ताब्यात आले.

आता बघा, अशा धन्याला नफा दोन्हीकडून मिळतो. कच्ची साखर घेणारा तोच, मग क्यूबा-लुइझियानाच्या ऊसवाल्याने दुसरं दार ठोठवायचं कुणाचं? पक्की साखर विकणाराही तोच, मग गिऱ्हाइकाने जायचं कुठं? सरकारने १८९० च्या मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. पण १८९५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की माल तयार करणे म्हणजे व्यापार नव्हे. सबब हा कायदा इथे लागत नाही!

एवढं मिळूनही हाव सुटली नाही. ब्रुकलिनच्या धक्क्यावर जकातीसाठी कच्ची साखर वजन होत असे. तिथल्या काट्यांत बारीक पोलादी तार सरकवून वजन कमी दाखवण्याची युक्ती नोव्हेंबर १९०७ मध्ये पकडली गेली. १९०९ मध्ये कंपनीला २० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. काटा मारणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हॅवमायर डिसेंबर १९०७ मध्येच वारले. त्यांच्या घरातली रेम्ब्रां, देगा यांची चित्रे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्या वैभवात ऊसवाल्याचा आणि गिऱ्हाइकाचाही पैसा आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

आपल्याकडे १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना चालू करून दाखवला, तो वेगळ्या हिशेबाने. ऊस पिकवणारा तोच मालक, आणि शेअर कितीही असोत, मत एकच. पण पुढे राज्यातले कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडून खासगी मालकांकडे गेले, हेही आपण पाहिले. मालकी एका रात्रीत जात नाही. सभासद सभेला यायचा बंद झाला, ताळेबंद वाचेनासा झाला, की ती हळूहळू हातची सुटते.

तेव्हा विनंती एवढीच : वजनाची पावती जपून ठेवा, शंका आली तर काट्यावर उभे राहून विचारा, आणि वार्षिक सभेला येताना अहवाल घरून वाचून या. आपलं एक मत हीच आपली खरी इस्टेट आहे.