साखरेचा धागा आणि वाडीतली सुतळी



मुरूडकडच्या एका श्रोत्याने विचारले आहे, "मक्यापासून केलेली सुतळी बाजारात आली आहे. ती मातीत आपोआप कुजते म्हणतात. वाडीसाठी घ्यावी का?" याचे उत्तर द्यायचे तर हा धागा होतो कसा, ते आधी पाहू.

लाडवाचा पाक आठवा. बोटांत धरून ताणला की तार निघते. पातळ असला तर तार तुटते, फार आटला तर ताणतच नाही. जत्रेतला 'बुढ्ढी के बाल'वाला तर नुसती साखर वितळवतो आणि फिरत्या भांड्याच्या छिद्रांतून बाहेर फेकतो. हवा लागली की तंतू तयार! कारखान्यातला धागाही याच जातीचा.

मात्र तिथे साखर सरळ ओढत नाहीत. मक्याची किंवा उसाची साखर आधी आंबवतात. दही ज्याने आंबट होते ते लॅक्टिक आम्ल त्यातून मिळते. त्याचे कण साखळीसारखे जोडले की पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए नावाचे प्लास्टिक बनते. पुणे जिल्ह्यात जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ साली याचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला.

पीएलएचे दाणे आधी कडक वाळवावे लागतात. ओल राहिली तर वितळताना साखळ्या तुटतात आणि धागा ठिसूळ निघतो. मग सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळवून तो रस अर्ध्या मिलिमीटरहून बारीक छिद्रांतून दाबाने सोडतात, थंड हवा देतात आणि वेगाने ओढून रिळावर घेतात. ओढण्याने साखळ्या एका दिशेला लागतात. धाग्याचे बळ त्यातच आहे. केसाच्या दहाव्या हिश्शाहून बारीक तंतू हवा असेल तर छिद्राशीच गरम हवेचा जोरदार झोत सोडतात.

यात द्रावक लागत नाही, हा मोठा गुण. रेयॉनही झाडापासूनच, पण लाकडाचा लगदा वितळत नाही, जळतो. म्हणून त्याला कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात. या दुसऱ्या रसायनाची वाफ कामगारांच्या मज्जातंतूंना बाधते. वितळवून ओढण्यात ते संकट नाही. ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही बरं का! पाताळगंगेला १९८२ पासून पॉलिएस्टर असेच ओढले गेले. नवा आहे तो कच्चा माल.

आता मुख्य मुद्दा. झाडापासून झाले म्हणजे मातीत कुजते, असे नाही. पीएलए कुजायला ६० अंशांच्या जवळपास ऊब आणि ओल बरेच दिवस टिकावी लागते. ती मोठ्या, नीट राखलेल्या कंपोस्ट ढिगात मिळते. आपल्या घरच्या खड्ड्यात ती क्वचितच टिकते, आणि समुद्राच्या पाण्यात तर नाहीच. मी स्वतः अशा सुतळीचा तुकडा खतखड्ड्यात पुरला होता. दोन पावसाळ्यांनंतर उकरला, तर गाठसुद्धा सुटलेली नव्हती. दुकानदाराने मात्र "सहा महिन्यांत माती" असे छातीठोक सांगितले होते.

तेव्हा 'विघटनशील' एवढ्याच शब्दावर जादा पैसे देऊ नका. वेष्टनावर 'कंपोस्टेबल' लिहिले आहे का, भारतीय मानक १७०८८ चा उल्लेख आहे का, उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. हे सगळे असले तरी ती खात्री कंपोस्टच्या उबेपुरती आहे, वाडीतल्या मातीची नव्हे.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर अनेकांनी नवी कलमे लावली, काठीला प्लास्टिकच्या सुतळीने बांधली आणि विसरले. आंब्याचे खोड जाड होत जाते, सुतळी सैल होत नाही. ती सालीत रुतते, वरचा भाग अशक्त होतो आणि वाऱ्याने तिथेच मोडतो. सुतळी मक्याची असो की नागोठण्याच्या प्लास्टिकची, फास तोच.

कलमाला काथ्याचा सुंभ उत्तम. ओली सोडणे खाडीच्या पाण्यात ६ ते १० महिने भिजवून ठोकली की मऊ काथ्या निघतो. एवढी सवड नसेल तर मिरवेल, पानवेल बांधायला केळीचे सुकलेले सोपट भिजवून घ्या. फुकट मिळते आणि आपोआप सुटते. बांध इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, काठी आणि खोड यांच्यामध्ये पीळ देऊन, करंगळी जाईल इतका सैल ठेवा. ज्यांच्या कलमांना जुनी प्लास्टिकची सुतळी आहे, त्यांनी पाऊस लागण्याआधी ती कापून काढावी. तुकडे वाडीत टाकू नयेत, गुरे खातात.