डाव्या कोपऱ्यापासून

वहीच्या मधल्या पानावर सरांनी सात ठिपके काढले. दोन्ही टोकांना एकेक, त्यांच्या आत दोन, त्यांच्याही आत दोन आणि मधोमध एक. "लिही," म्हणाले. मी अस्लम इनामदारचं नाव लिहायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "अस्लम खेळणार हे टाकळीभानच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आधी डावा कोपरा लिही."

प्रो कबड्डीचा दहावा हंगाम चालू होता आणि त्या रात्री पुणेरी पलटणची यू मुंबाशी गाठ होती. लोक तिला महाराष्ट्राची डर्बी म्हणतात. पुण्याचा कर्णधार अस्लम टाकळीभानचा, त्यामुळे आमच्या श्रीरामपूर तालुक्यात ही लढत घरचीच. सर शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाले, तरी संध्याकाळी मैदान सुटलेलं नाही. टीव्ही लावण्याआधी दोन्ही संघांचे सात-सात जण आणि पहिल्या पाच मिनिटांचा डाव वहीत उतरवायचा, मग शिट्टी झाली की ताडून बघायचं, हा आमचा नेम.

मी डाव्या कोपऱ्यावर मोहम्मदरेझा शाडलू लिहिलं. त्या हंगामाच्या लिलावात पुण्याने या इराणी खेळाडूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते. परदेशी खेळाडूला त्याआधी कुणी एवढे दिले नव्हते आणि हा पैसा चढाईसाठी नव्हे, पकडीसाठी होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अस्लम भारताकडून होता आणि शाडलू इराणकडून. भारताने तो सामना ३३-२९ असा जिंकला. दोन महिन्यांत हेच दोघे पुण्याच्या एका साखळीत उभे होते.

"आता शाडलूच्या बाजूचा कव्हर कोण?" सरांनी विचारलं. संकेत सावंत. "का?" मला नीट सांगता आलं नाही. सरांनी सांगितलं ते असं. शाडलू चढाईपटूची वाट बघत नाही, तोच पुढे झेपावतो. कोपरा असा उतावळा असला की त्या बाजूच्या कव्हरला जागा धरून राहावं लागतं. दोघेही धावले तर मागे खिंडार पडतं. म्हणून कोपरा ठरला की कव्हर आपोआप ठरतो आणि कोपरा बदलला की त्या बाजूचा सगळा ताल बदलतो. उजवीकडे गौरव खत्री कोपऱ्यात, अबिनेश नादराजन कव्हरला. चार ठिपके भरले. उरलेले तीन चढाईपटूंचे. त्यांत अस्लम आणि मोहित गोयत हे दोघेही पकड करणारे, म्हणजे चार बचावपटू घेऊनही पुण्याकडे पकडीला सहा जण. सरांच्या हिशेबात पुण्याची खरी ताकद ही होती.

मग मुंबाचं पान. गुमान सिंग चढाईला, अमीरमोहम्मद जाफरदानेश जोडीला, सुरिंदर सिंग कव्हरला. इथे सर थांबले ते प्रशिक्षकापाशी. गुलामरेझा माझंदरानी स्वतः इराणचे. इराणी कोपरा कधी झेपावतो, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक. मुंबा पहिल्या चढाया शाडलूच्या बाजूने करणार नाही, असं सरांनी लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

फुटबॉलमध्ये कोण कुठे खेळतोय हे इतकं उघड नसतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा सामना असला की अकरा जणांचा अंदाज बांधणारेही मुरलेले असतात. पण तिथे प्रशिक्षक मधल्या फळीतला गडी जरा मागे-पुढे करून आपली चाल बराच वेळ झाकून ठेवू शकतो. कबड्डीत दहा मीटर रुंदीत सात जण उभे राहिले की कोण कुठे आहे हे पहिल्या श्वासालाच दिसतं. झाकलेलं असतं ते पुढचं: कोण बाद झाल्यावर त्याच्या जागी कोण सरकणार.

अंदाज बांधणारे इथेच चुकतात. बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. बोनसच्या गुणावर कुणी जिवंत होत नाही. आणि बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात जण असले तरच. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणून प्रमुख चढाईपटू बाहेर बसलेला असताना तिसरी चढाई कोण करणार, हे नाव सर वहीत वेगळ्या चौकटीत लिहितात. तीन किंवा त्याहून कमी जण उरले असताना पकड झाली तर एक गुण जादा, त्यामुळे ते तिघे कोण उरतील याचाही विचार आधीच. सुरुवातीचे सात लिहिणं सोपं. दहाव्या मिनिटाचे चार लिहिता आले तर अभ्यास.

हे सगळं मला पटलं ते टीव्हीसमोर नाही, मातीत. तालुक्यातल्या शेजारच्या दोन गावांचा सामना होता, अशी गाठ की दोन्हीकडे सोयरीक आणि दोन्हीकडे चुरस. मी यादी लिहून तयार होतो. सर मात्र वही न उघडता सराव बघत उभे राहिले. पाहुण्यांचा उजवा कोपरा साखळी करताना डावा हात शेजाऱ्याच्या हातात देत नव्हता, मनगट धरू देत होता. "अंगठा दुखावलाय," सर म्हणाले. "पोरगा खेळेल, पण कोपऱ्यात नाही. त्याला मध्ये घेतील आणि कव्हरवाल्याला टोकाला धाडतील." तसंच झालं. माझ्या यादीतली सातही नावं बरोबर होती आणि तरी यादी चुकीची होती, कारण जागा चुकल्या होत्या. आमच्या पोरांनी नेहमीच्या सवयीने पाहुण्यांच्या डाव्या बाजूनेच चढाया केल्या. पाहुण्यांचं उजवं टोक कच्चं आहे हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा एक लोण चढला होता. तो सामना आम्ही हरलो.

पुणेरी पलटण मात्र दहावा हंगाम जिंकली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५. त्याच महिन्यात वरिष्ठ गटाची ७०वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली, तेव्हा आम्ही दोघं वही घेऊन तिथेही बसलो. पुढच्या लिलावात शाडलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. अकराव्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला आणि पुण्याला बाद फेरीही गाठता आली नाही. त्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत, म्हणजे पुण्यातच झाला. हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं. चषक डाव्या कोपऱ्याबरोबर गेला, असं मी म्हणतो. सर म्हणतात, कव्हर कोण होता ते बघितल्याशिवाय असं बोलू नकोस.

प्रो कबड्डीचं ठीक आहे, तिथे प्रत्येक चढाई पुन्हा बघता येते. आपल्या तालुक्याच्या सामन्यांचं काय? मी जुनी कात्रणं चाळली. अमक्याच्या चौफेर चढाया, तमक्याच्या दमदार पकडी, गुण अमुक-तमुक. उजवा कोपरा कोण होता, कव्हरला कोण, पहिला गडी बाद झाल्यावर कोण सरकलं, एक अक्षर नाही. पुढच्या वर्षी त्याच दोन गावांची गाठ पडते तेव्हा अभ्यासाला हातात काही नसतं. सरांच्या वह्या आहेत, पण त्या एका माणसाच्या.

म्हणून गुणलेखकाच्या टेबलावर बसणाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या पानांवर कबड्डीची बातमी देणाऱ्यांना एवढीच विनंती. या हंगामापासून दोन्ही संघांचे सात जण जागेसकट लिहा. आणि सुरुवात डाव्या कोपऱ्यापासून करा.