ऑनलाइन पोकरमध्ये पत्ते खरंच नीट पिसले जातात का?

हा आपल्या आजच्या भागाचा लेखी मजकूर. हेडफोन घरी विसरला असाल तर बसमध्ये वाचून काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

आजचा विषय माझ्या रूममेटमुळे सुचला. ही नवा कायदा येण्याआधीची गोष्ट. रात्री दीड वाजता हॉलमधून आवाज यायचा, "सेटिंग आहे रे सगळं!" म्हणजे याच्या हातात एक्क्यांची जोडी, समोरच्याकडे राजांची जोडी, आणि शेवटच्या पत्त्याला तिसरा राजा. महिन्याला पगारातले दहा-बारा हजार जायचे. आणि एक दिवस तो मला म्हणाला, "तू इंजिनियर आहेस ना? मग सांग, ॲप पत्ते मुद्दाम असे वाटतं की नाही?"

प्रश्न रास्त होता. बदाम सत्ती खेळताना पत्ते पिसणारा आपल्यासमोर बसलेला असतो. इथे कोण पिसतंय तेच दिसत नाही.

कॉम्प्युटर पत्ते पिसतो म्हणजे काय करतो?

५२ पत्त्यांचा कॅट किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतो? ८ लिहा आणि पुढे ६७ शून्यं द्या, साधारण इतक्या. यातला कुठलाही क्रम यायची शक्यता सारखीच असेल, तर पिसणं प्रामाणिक.

त्यासाठीची रीत जुनी आहे. फिशर आणि येट्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती १९३८ मध्ये कागद-पेन्सिलीसाठी मांडली आणि १९६४ मध्ये तिचं कॉम्प्युटरसाठीचं रूप आलं. शेवटच्या जागेसाठी सगळ्या ५२ पत्त्यांतून एक निवडा. मग उरलेल्या ५१ मधून एक, मग ५० मधून एक. एकदा जागेवर बसलेल्या पत्त्याला पुन्हा हात लावायचा नाही. कोड म्हणाल तर पाच-सहा ओळी.

पण याच पाच ओळींत घोळ होतो. समजा, प्रत्येक वेळी "सगळ्या पत्त्यांतून कुठलाही एक उचल आणि अदलाबदल कर" असं लिहिलं. ऐकायला जास्तच रँडम वाटतं, नाही का? फक्त ३ पत्ते घेऊन बघा. अशा अदलाबदलीच्या वाटा होतात ३ × ३ × ३ = २७, आणि ३ पत्त्यांचे क्रम असतात ६. सत्तावीसला सहाने भाग जात नाही. म्हणजे काही क्रम ५ वाटांनी येणार, काही ४ वाटांनी. पिसण्यातच पक्षपात झाला, आणि तोही कुणी मुद्दाम न करता.

१९९९ चा किस्सा

प्लॅनेट पोकर ही पैसे लावून खेळायची सुरुवातीची एक साइट. तिचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने "बघा, आम्ही किती प्रामाणिक आहोत" हे दाखवायला पत्ते पिसायचा कोडच जाहीर केला. अमेरिकेतल्या रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या काही इंजिनियरांनी तो वाचला.

वर सांगितलेली अदलाबदलीची चूक त्यात होतीच. शिवाय १ ते ५२ च्या जागी १ ते ५१ असे आकडे निघत होते, त्यामुळे मुळात ५२ व्या जागी असलेला पत्ता पिसल्यावर तिथे कधीच राहू शकत नव्हता. पण खरी गंमत पुढे आहे.

साधा प्रोग्रॅम जे "रँडम" आकडे देतो, ते एका सुरुवातीच्या आकड्यावरून गणित करून काढलेले असतात. त्याला आम्ही सीड म्हणतो. सीड तोच, तर पत्त्यांचा क्रमही तोच. इथे सीड ३२ बिटचा होता, म्हणजे जास्तीत जास्त ४२९ कोटी शक्यता. कुठे ६७ शून्यं आणि कुठे ४२९ कोटी! त्यात हा सीड घेतला होता घड्याळावरून: मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. या मंडळींनी आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी अंदाजे जुळवलं आणि शक्यता उरल्या साधारण २ लाख.

आता हातातले दोन पत्ते आणि टेबलावर उघडलेले पहिले तीन, असे पाच पत्ते प्रोग्रॅमला द्यायचे. तो २ लाख क्रम तपासून जुळणारा शोधायचा. मग समोरच्यांचे झाकलेले पत्ते आणि पुढे येणारे पत्ते, सगळं डाव चालू असतानाच स्क्रीनवर! त्यांनी याचा फायदा न घेता चूक जाहीर केली.

आज नावाजलेल्या साइट सीडसाठी घड्याळावर विसंबत नाहीत. हार्डवेअरमधला विजेचा नॉइज, प्रकाशकणांचं वागणं, खेळाडूंच्या माउसच्या हालचाली अशा गोष्टींतून आकडे घेतात आणि बाहेरच्या प्रयोगशाळेकडून ते तपासूनही घेतात. पिसण्याचा प्रश्न इंजिनियरिंगच्या दृष्टीने सुटलेला आहे.

मग फसवणूक होतच नाही?

होते, पण कॅटमध्ये नाही. २००७ मध्ये ॲब्सोल्युट पोकर या साइटवर एका स्पर्धेत हरलेल्या खेळाडूने आपल्या डावांची नोंद मागवली. कंपनीकडून आलेल्या फाइलमध्ये सगळ्यांचे झाकलेले पत्ते होते. लोकांनी ती चाळली, तर जिंकणारा असा खेळला होता, जणू त्याला सगळ्यांचे पत्ते दिसत होते. आणि ते दिसतच होते. आतल्या माणसाने मिळवलेली सोय होती ती. २००८ मध्ये अल्टिमेटबेट या साइटवरही असाच प्रकार उघड झाला. पत्ते नीट पिसलेले असूनही लोक लुटले गेले. म्हणून "रँडम असल्याचं सर्टिफिकेट आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. पत्ते कोण बघू शकतं, हा वेगळा प्रश्न आहे.

रूममेटचा हिशेब

मी त्याच्याकडून डावांच्या नोंदी घेतल्या आणि छोटी स्क्रिप्ट लिहिली. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा मिळते. त्याचे डाव होते ११ हजारांच्या आसपास, म्हणजे जोडी साधारण ५० वेळा यायला हवी. आली होती ४७ वेळा. इतका फरक चालतो.

आणि एक्के विरुद्ध राजा? सुरुवातीलाच सगळे पैसे लागले तर १०० पैकी साधारण ८२ वेळा एक्के जिंकतात. उरलेल्या १८ वेळा हरणं हाच रँडमचा अर्थ. दिवाळीत घरी तासाभरात पंचवीस-तीस डाव होतात. हा दोन-तीन टेबलं उघडून तासाला दीडशे खेळायचा, म्हणून असे झटके त्याला रोजच बसायचे. जिंकलेले डाव मात्र तो विसरून जायचा.

मग मी एक रकाना वाढवला: त्याने जिंकलेल्या प्रत्येक पॉटमधून ॲपने कापलेलं कमिशन. ती बेरीज त्याच्या एकूण तोट्याच्या निम्म्याहून जास्त निघाली. उरलेला तोटा त्याच्या खेळण्याचा.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे सेटिंग नव्हतंच?" मला वाटतं, सेटिंग असतं तर त्याला बरं वाटलं असतं. "ॲप लबाड आहे" म्हटलं की "मी हरतोय" म्हणावं लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी "आता तरी नशीब फिरेल" म्हणून पुन्हा बसता येतं. पण कॅटला कालचा डाव आठवत नसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. तरी कुणी टेलिग्रामवर परदेशी ॲपची लिंक पाठवलीच, तर एवढं लक्षात ठेवा: तिथे पत्ते कोण बघतंय ते कळणार नाही, आणि पैसे अडकले तर दाद मागायची कुठे हेही नाही.

रूममेट आता शनिवारी आमच्याबरोबर मेंढीकोट खेळतो. पत्ते मी पिसतो, आणि "सेटिंग आहे रे" अजूनही ऐकू येतं.

तुमच्या मनात असाच एखादा "हे आतून कसं चालतं" प्रश्न असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!