घरातलं वाय-फाय गोठ्यापर्यंत कसं न्यायचं? माझे तीन प्रयत्न

गेल्या हिवाळ्यात आमच्या गोठ्यात एक रेडकू गेलं. म्हैस रात्री कधीतरी व्याली, रेडकू गव्हाणीच्या कोपऱ्यात अडकलं आणि बाबांना ते पहाटेच कळलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री तीन-तीनदा उठून गोठ्यात चक्कर मारणं त्यांना जमत नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच आला. "गोठ्यात कॅमेरा लावता येईल का रे? मी मोबाईलवर बघत जाईन."

कॅमेरा लावणं सोपं होतं. अडचण होती वाय-फायची. राउटर घराच्या पुढच्या खोलीत आणि गोठा परसात, साधारण ५० मीटरवर. एवढं अंतर पार करायला मला तीन प्रयत्न लागले. तुम्हाला शेडमध्ये, वेगळ्या बांधलेल्या खोलीत किंवा अंगणापलीकडच्या दुकानात वाय-फाय न्यायचं असेल, तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडतील.

सिग्नल नेमका अडतो कुठे?

आपल्याला वाटतं की अंतरामुळे सिग्नल जात नाही. खरं तर मोकळ्या मैदानात साध्या राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ५० मीटर आरामात जातो. तो अडतो भिंतींमुळे आणि पत्र्यामुळे. आमचं घर जुनं, दगडी भिंती दीड-दोन फुटांच्या. गोठ्याला वर आणि दोन बाजूंनी पत्रा. धातूवर आदळलेल्या रेडिओ लहरी बऱ्याच अंशी परत फिरतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला, तरी भिंतीपुढे तो २.४ पेक्षा लवकर हार मानतो.

"मोठ्या अँटेनाचा राउटर घे" असा सल्ला मलाही मिळाला. पण वाय-फाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे. राउटर कितीही मोठ्याने ओरडला, तरी कॅमेऱ्याचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत परत पोहोचायला हवा. त्यामुळे नुसता राउटर बदलून फारसा फरक पडत नाही.

खरेदीच्या आधी मोजून घ्या. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप टाका आणि जिथे नेट हवं तिथे उभे राहा. आकडा उणे ५० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ८० च्या खाली गेला की कनेक्शन तुटायला लागतं. आमच्या गोठ्यात उणे ८६ होता.

प्रयत्न पहिला: रिपिटर

मी रिपिटर आणला आणि थेट गोठ्यात लावला. फोनवर वाय-फायच्या सगळ्या काड्या दिसल्या, पण व्हिडिओ काही हलेना. कारण साधं आहे. रिपिटर जे ऐकतो तेच पुढे सांगतो. त्यालाच नीट ऐकू येत नसेल, तर तो पुढे काय सांगणार? फोनवरच्या काड्या फोन आणि रिपिटर यांच्यातल्या सिग्नलच्या असतात, रिपिटर आणि राउटर यांच्यातल्या नाही.

रिपिटर राउटर आणि गोठा यांच्या मधोमध, जिथे राउटरचा सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावायचा असतो. मग मी तो घराच्या मागच्या खिडकीत हलवला. चित्र दिसायला लागलं, पण मधूनच थांबायचं. साधा रिपिटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. एखाद्या भिंतीपलीकडच्या खोलीसाठी तो पुरेसा आहे. रात्रभर चालणाऱ्या कॅमेऱ्यासाठी मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

प्रयत्न दुसरा: लॅन केबल आणि जुना राउटर

अंतर १०० मीटरच्या आत असेल तर लॅन केबल टाकून पलीकडे दुसरा राउटर बसवता येतो. केबल घेताना पूर्ण तांब्याचीच मागा. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, लांब अंतरावर ती दगा देते. बाहेर वापरायची केबल उन्हात टिकणाऱ्या काळ्या आवरणाची हवी. मी ती पाइपातून, दीड फूट खोल चरातून नेली. उंदीर आणि कुदळ, दोघांपासून वाचते. विजेच्या वायरीसोबत एकाच पाइपात मात्र कधीच घालू नका.

पडून असलेला जुना राउटर इथे कामाला येतो. त्याच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा:

१. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर याचा १९२.१६८.१.२ करा.
२. डीएचसीपी बंद करा. पत्ते वाटायचं काम एकट्या मुख्य राउटरने करायचं.
३. केबल वॅनच्या नाही, तर लॅनच्या पोर्टमध्ये लावा.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच ठेवा, पण २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल वेगळे निवडा: १, ६ किंवा ११ यांपैकी.

हे झकास चाललं. बाबा रोज रात्री झोपण्याआधी पलंगावरूनच गोठा बघायचे. मग मे महिन्यात वळवाचा पाऊस आला.

विजेने शिकवलेला धडा

वीज आमच्या घरावर पडली नव्हती, जवळपास कुठेतरी पडली. तरी गोठ्यातला राउटर गेला आणि घरातल्या राउटरचा ज्या पोर्टमध्ये ती केबल होती तो पोर्टही गेला. जवळ वीज पडली की तांब्याच्या लांब तारेत क्षणभर मोठा दाब तयार होतो. केबल जमिनीत पुरली म्हणून पूर्ण सुटका होत नाही. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असलं की तोच दाब केबलमधून वाट काढतो. यासाठी सर्ज प्रोटेक्टर मिळतात, पण अर्थिंग चांगलं असेल तरच ते कामाचे. आमच्या गोठ्यात अर्थिंग नावालाच होतं. कॉलेजात हे सगळं शिकलो होतो, पण चर खणताना आठवलं नाही!

प्रयत्न तिसरा: फायबर

फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. म्हणून दोन इमारती जोडायला मी आता हाच पर्याय सुचवतो. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते. ती प्रकाशाचं रूपांतर लॅनच्या सिग्नलमध्ये करते. काही गोष्टी सांभाळा:

- एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात. दोन्ही ए आणलेत तर चालणार नाहीत.
- निळा कनेक्टर निळ्यालाच जोडा. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं.
- अनेक फायबर केबलींना आधारासाठी स्टीलची तार असते. ती नसलेली, धातूविरहित केबल मागा, नाहीतर वीज पुन्हा आत यायला वाट मिळेल.
- केबल काटकोनात मोडू नका. टोकांचं जोडकाम केबलवाल्याकडच्या माणसाकडून करून घ्या.

पाइप होताच. जुन्या केबलला दोरी बांधून ती ओढून काढली आणि त्या दोरीने फायबर आत घेतलं. दोन्ही टोकांना राउटरसाठीचा छोटा यूपीएस बसवला. लाइट रात्रीच जाते आणि म्हशीही रात्रीच वितात.

अंतर १०० मीटरपेक्षा जास्त असेल तर?

फायबर तेव्हाही चालतं. मध्ये रस्ता किंवा दुसऱ्याचं शेत असेल, तर समोरासमोर रोखलेल्या बाहेरच्या अँटेनांची जोडी लावता येते. २०१८ पासून भारतात ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा विनापरवाना वापरता येतो. अट एकच: एका अँटेनापासून दुसरी स्पष्ट दिसली पाहिजे. मध्ये आंब्याचं झाड असेल तर जागा बदला. पानांतलं पाणी सिग्नल शोषून घेतं.

आणि हो, कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

सप्टेंबरमध्ये दुसरी म्हैस व्यायला झाली होती. रात्री अडीचला बाबांनी मोबाईलवर बघितलं, आईला उठवलं आणि दोघं कंदील घेऊन गेले. रेडकू धडधाकट आहे. सकाळी मला फोन आला तेव्हा बाबा वाय-फायबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. नेटवर्क नीट चालतंय, याची मला तेवढीच खूण पुरली.