झाडांना सावली, माळ्याला ऊन!

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात येणाऱ्या मंडळींच्या गप्पांत परसबागेचा विषय हमखास निघतो. कुणाचा मोगरा बहरलेला असतो, तर कुणाच्या टोमॅटोची फुले उन्हाने गळालेली असतात. मिरचीची पाने आकसतात, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढतो. पारा ४१-४२ अंशांवर जाऊन आठवडाभर जीव नकोसा होतो. मग एखाद्या सायंकाळी आभाळ भरून येते, वळीव कोसळतो आणि दोडक्याचा मांडव जमीनदोस्त होतो. चार दिवस गारवा, की पुन्हा कडक ऊन! बागेचे हे चढउतार सर्वांना दिसतात. परंतु बागेत राबणाऱ्या माणसाच्या शरीरालाही तसेच हेलकावे बसतात, हे फारसे कुणी ध्यानात घेत नाही. आज त्याविषयीच थोडेसे.

उन्हाची सवय मोडते

आपल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामावाटे जाणारे मीठ कमी होते आणि रक्तातील द्रवभाग वाढतो. मात्र गारवा पडून उन्हातले काम थांबले की ही सवय हळूहळू मोडू लागते. त्यानंतर एकदम ऊन तापले तर शरीर बेसावध सापडते.

दुसरी गोष्ट दमट हवेची. घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळला तरच अंग थंड होते. पावसानंतरच्या उकाड्यात घाम वाळत नाही. त्यामुळे पारा ३६-३७ अंशांवर असला तरी श्रम करणाऱ्याला तो कोरड्या हवेतल्या ४० अंशांइतकाच जाचक ठरू शकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका निवृत्त गुरुजींच्या बाबतीत असेच घडले. वय पासष्टीच्या पुढचे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. वळवाने कारल्याचा मांडव पाडला होता. चार दिवसांनी ऊन पडले, तसे गुरुजी सकाळी दहाला मांडव उभा करायला गेले. दुपारी एकच्या सुमारास ते असंबद्ध बोलू लागले, अंग तव्यासारखे तापले. त्यांच्या सूनबाईंनी वेळ घालवला नाही. त्यांना ओसरीवर निजवून सदरा काढला, अंगावर माठातले पाणी ओतत पंख्याने वारा घातला आणि रिक्षातही ओली चादर सोडली नाही. माझ्याकडे आणले तेव्हा ताप १०४ अंश होता. सलाईन लावून लगेच मोठ्या रुग्णालयात हलवले. गुरुजी वाचले, ते सूनबाईंच्या त्या पंधरा-वीस मिनिटांमुळे. शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "अहो डॉक्टर, परवा तर गारवा होता!" सारे मर्म या एका वाक्यात आहे.

उष्माघातात रोग्याने बरळणे, झोक जाणे, झटके येणे किंवा शुद्ध हरपणे ही धोक्याची खूण. घाम आटलेलाच असतो असे नाही. अशा वेळी तापाची गोळी उपयोगी पडत नाही. अंग पाण्याने थंड करणे हाच पहिला उपचार. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत पाणी ओतणे चालू ठेवावे.

बागेतले इतर पाहुणे

नळाला चार-चार दिवसांनी पाणी, म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो. कुंड्यांखाली ताटल्या ठेवतो. डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात आणि वळवाचे पाणी लागताच फुटतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप नुसते रिकामे न करता आतून घासून कोरडे करावे.

झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालणे चांगलेच, ओल टिकते. पण पहिल्या पावसात साप-विंचूही तेथे आसरा घेतात. हात घालण्याआधी काठीने पाला हलवावा. पायांत बूट आणि रात्री हातात बॅटरी हवीच. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अवयव न हलवता थेट प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात जावे. मण्यारीचा दंश तर दुखतही नाही, म्हणून "काही होत नाही" म्हणून थांबू नये. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचू चावून घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

काटा किंवा खुरपे लागल्यास जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली ते आठवावे. मळक्या जखमेसाठी पाच वर्षे उलटली असल्यास पुन्हा घ्यावी लागते.

शेतातले जहाल कीटकनाशक चार कुंड्यांसाठी घरी आणू नये. सरबताच्या बाटलीत ओतून तर कधीच ठेवू नये. मावा-तुडतुड्यांसाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

एवढे पाळावे

१. बागकाम सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर.

२. गारव्यानंतर ऊन पडले की पहिले तीन-चार दिवस निम्मेच काम.

३. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे घ्यावे. हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

४. रक्तदाब, मधुमेहाच्या रुग्णांनी उन्हाळ्याआधी गोळ्या तपासून घ्याव्यात. मनाने बंद करू नयेत.

५. बागेत एकटे असाल तर घरात सांगून जावे.

वाचकहो, बागकामाने सांधे हलते राहतात, मन रमते आणि ताटात ताजी भाजी येते. वय झाले म्हणून ते सोडा, असे मी कुणालाही सांगत नाही. फक्त ज्या मायेने आपण गुलाबावर हिरवी जाळी बांधतो, तीच माया स्वतःच्या डोक्यावरही असू द्यावी. जळालेली मिरची पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते.